रक्ताच्या नमुन्यापासून आयपीएस पेशींपर्यंत: प्रयोगशाळेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

प्रौढ माणसाच्या रक्तातली पेशी घेऊन तिची मूलपेशी बनवणं (हीच आयपीएस पेशी, म्हणजे शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकणारी, घडवलेली मूलपेशी) आता कल्चरवर, म्हणजे डिशमध्ये पेशी वाढवण्यावर, हात बसलेल्या कुणालाही जमतं. चार जनुकं आत पोचवायची, तीन-चार आठवडे मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलत राहायचा, आणि कॉलन्या, म्हणजे नव्या पेशींचे पुंजके, येतात. खरी दमछाक त्याच्या आधी आणि नंतर होते. रक्त कुणाचं, कशासाठी, कुठल्या परवानगीने घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. नंतर आलेल्या कॉलन्यांपैकी कुठल्या फेकून द्यायच्या, हे ओळखावं लागतं. मधला भाग किटच्या पत्रकातही सापडेल, म्हणून इथे भर दोन्ही टोकांवर आहे.

थोडा इतिहास, कारण त्यावरून पद्धत कळते. 1962 साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक निकामी करून तिथे बेडकाच्याच डिंभाच्या (टॅडपोलच्या) आतड्यातल्या पेशीचं केंद्रक बसवलं, आणि त्यातून पोहणारे डिंभ तयार झाले. आतड्याच्या पेशीतही अख्खा प्राणी घडवण्याची माहिती शाबूत असते, हे त्यातून दिसलं. योगायोग असा की शिन्या यामानाका यांचा जन्म त्याच वर्षीचा. जपानमधल्या क्योतो विद्यापीठात त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी अंड्याची गरजच संपवली. भ्रूणाच्या मूलपेशींत महत्त्वाची वाटणारी 24 जनुकं त्यांनी निवडली, सगळी एकदम उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये (जोडऊतीच्या पेशींत) घातली आणि मग दर खेपेला एकेक वगळून पाहिलं. शेवटी ऑक्ट3/4, सॉक्स2, केएलएफ4 आणि सी-मिक ही चार उरली. 2006 मध्ये हे उंदरात जमलं, 2007 मध्ये माणसात. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने ऑक्ट4, सॉक्स2, नॅनॉग आणि लिन28 अशी वेगळी चौकडी वापरून तेच साधलं. 2012 चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळालं.

आधी प्रश्न ठरवा

विदर्भात, विशेषतः नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात, आणि तिकडे नंदुरबारमध्ये सिकलसेल घराघरांत माहीत आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा विषय घ्यावासा वाटला तर नवल नाही. आयपीएस पेशींच्या उपचारी उपयोगाचा पहिला मोठा पुरावाही याच आजाराचा आहे. 2007 मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेत सिकलसेल असलेल्या उंदराच्या पेशींपासून आयपीएस पेशी बनवल्या, त्यांतलं बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, त्यांपासून रक्त घडवणाऱ्या पेशी तयार केल्या आणि त्या उंदरांना परत दिल्या. आजाराची लक्षणं सुधारली.

मग माणसाच्या पेशींवर हेच का करू नये? करता येतं, पण एक अडचण प्रकल्प लिहिण्याआधीच माहीत हवी. माणसाच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या लाल पेशींत मुख्यतः भ्रूणावस्थेतलं आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. सिकलचा दोष प्रौढ हिमोग्लोबिनच्या ज्या बीटा साखळीत आहे, ती फार थोडी तयार होते. डिशमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसतील या भरवशावर आखलेला प्रकल्प तिथेच अडकतो. हृदयाच्या पेशींचंही तेच. धडधडतात छान, पण त्या गर्भातल्या हृदयाच्या पेशींशी जास्त जुळतात. पेशी मूलपेशीच्या अवस्थेत मागे नेताना तिच्या वयाच्या खुणाही बऱ्याच पुसल्या जातात. त्यामुळे जन्माआधी किंवा बालपणी दिसणारे दोष डिशमध्ये पकडणं सोपं जातं आणि साठीनंतरचे आजार पकडणं अवघड.

दुसरा प्रश्न तुलनेचा. रुग्णाच्या पेशी एका बाजूला आणि कुणातरी निरोगी माणसाच्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर दिसलेला फरक आजाराचा की त्या दोन माणसांमधल्या लाखो जनुकीय फरकांपैकी कशाचा, हे सांगता येत नाही. सिकलमध्ये डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याच्या तंत्राने) तेवढं अक्षर दुरुस्त केलेली त्याच रुग्णाची लाइन, म्हणजे त्याच्या पेशींचा डिशमध्ये वाढत राहणारा वंश, ही खरी तुलना. तिचा खर्च आणि वेळ पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

कधीकधी या विचारातून असंही निघतं की नवी लाइन बनवायची गरजच नाही, पेशींच्या पेढीतून मागवलेली तपासलेली लाइन पुरते. असं निघालं तर आनंदाने मागवा.

परवानग्या आणि संमती

भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. संस्थेच्या नेहमीच्या नैतिकता समितीखेरीज मूलपेशी संशोधनासाठीची वेगळी संस्थात्मक समिती लागते आणि ती राष्ट्रीय शिखर समितीकडे नोंदवलेली असावी लागते. दोन्हींची मंजुरी हातात आल्याशिवाय सुईला हात लावू नका. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा हा टप्पा प्रयोगापेक्षा लांबू शकतो.

संमतीपत्रात नेहमीच्या रक्ततपासणीपेक्षा बरंच जास्त सांगावं लागतं. या पेशी वर्षानुवर्षं वाढत राहतील, इतर प्रयोगशाळांना दिल्या जातील, त्यांचा जीनोम वाचला जाईल, कुणी त्यांतून औषध बनवून पैसेही मिळवेल. जीनोम वाचताना दुसराच एखादा आजार दिसला तर दात्याला कळवायचं की नाही? संमती मागे घेतली तर काय नष्ट होईल आणि काय आधीच हाताबाहेर गेलं असेल? हे सगळं दात्याच्या भाषेत सांगितलेलं हवं. इंग्रजी कागदावर अंगठा घेणं ही संमती नव्हे. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारा माणूस समोर असेल तर मराठीही पुरत नाही. दुभाषा आणि साक्षीदार लागतो.

दात्याचं नाव संकेतांकामागे झाकलं जातं, तो जोडणारा तक्ता एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात. नळीवर आद्याक्षरं लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा.

रक्त घेणं आणि पेशी वेगळ्या करणं

त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेऊन फायब्रोब्लास्ट वाढवणं ही जुनी वाट, अजूनही चांगली. पण टोचून तुकडा काढायचा म्हटलं की दाते मागे सरतात. रक्ताला सहसा हो म्हणतात.

ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त भरपूर झालं. ते बर्फावर ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर 24 तासांत हाताळा. पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) निम्मं पातळ केलेलं रक्त फायकॉल या जड द्रावणावर नळीच्या कडेने सावकाश सोडायचं आणि 400 जीवर (गुरुत्वाच्या 400 पट जोराने) 30 ते 40 मिनिटं फिरवायचं. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद हवा, नाहीतर थर ढवळले जातात. प्लाझ्मा आणि फायकॉलच्या मध्ये पांढुरका पट्टा दिसेल, तेवढाच उचलायचा. मिलिलिटरमागे साधारण दहा लाख पेशी मिळतात. लाल पेशी फार राहिल्या असतील तर अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने त्या फोडता येतात.

सिकल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाचं रक्त घेताना शेवटचं रक्त कधी चढवलं ते विचारा आणि शक्य असेल तर पुढचं चढवण्याच्या आधी नमुना घ्या. चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या प्रमाणात शिल्लक असू शकतात. चुकून तिसऱ्याच माणसाची लाइन बनणं परवडणारं नाही.

वेगळ्या केलेल्या पेशी चार दिवस वाढवायच्या. 24-वेल (24 खळग्यांच्या) प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये पाच लाख पेशी, रक्तपेशींसाठीचा स्टेमप्रो-34 मीडिया, त्यात सायटोकाइन्स, म्हणजे वाढीचा संदेश देणारी प्रथिनं: एससीएफ आणि एफएलटी-3 मिलिलिटरमागे प्रत्येकी 100 नॅनोग्रॅम, आयएल-3 आणि आयएल-6 प्रत्येकी 20 नॅनोग्रॅम. रोज अर्धाच मीडिया बदलायचा, कारण या पेशी तळाला चिकटत नाहीत आणि सगळा ओढलात तर त्याही जातात. संख्या कमी होताना दिसेल. होऊ द्या, आपल्याला हव्या असलेल्या पूर्वज पेशी टिकतात. टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मात्र शिल्लक राहायला नकोत. त्यांच्या डीएनएमध्ये टी-ग्राहीच्या जनुकांची कापाकापी आधीच झालेली असते आणि ती लाइनमध्ये कायमची येते. या मीडियात आयएल-2 नसल्याने त्यांना फारसा थारा मिळत नाही.

विषाणू देण्याचा दिवस

चार जनुकं पेशीत पोचवायला सुरुवातीच्या प्रयोगांत रेट्रोव्हायरस वापरले. ते जनुकं थेट गुणसूत्रात घुसवतात. पुढे सी-मिक पुन्हा जागं झालं की गाठी होतात. 2007 च्या एका अभ्यासात अशा पेशींच्या वंशातल्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या उंदरांना गाठी झाल्या होत्या. म्हणून आज सेंडाई विषाणू. तो आरएनएचा, पेशीद्रवात राहतो, केंद्रकातल्या डीएनएला हात लावत नाही आणि पेशी विभागत जातात तसा विरळ होत नाहीसा होतो. हात आखडता असेल तर एपिसोमल प्लाझ्मिड (गुणसूत्रात न घुसता वेगळी राहणारी डीएनएची वर्तुळं) वापरता येतात. ते स्वस्त पडतात, पण त्यांना इलेक्ट्रोपोरेटर (विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घालणारं यंत्र) लागतो आणि कॉलन्या सहसा कमी येतात. पहिल्या प्रयत्नाला सेंडाईच घ्या, असं माझं मत.

किटमध्ये तीन नळ्या असतात: तीन जनुकं एकत्र असलेली, सी-मिकची आणि जादा केएलएफ4 ची. प्रमाण, म्हणजे एमओआय (एका पेशीमागे किती विषाणूकण), अनुक्रमे 5, 5 आणि 3. हिशेब सोपा आहे: पेशींची संख्या गुणिले एमओआय, भागिले टायटर (मिलिलिटरमागे संसर्गक्षम कणांची संख्या). दोन लाख पेशी, एमओआय 5 आणि टायटर मिलिलिटरमागे 10 कोटी असेल तर 0.01 मिलिलिटर, म्हणजे 10 मायक्रोलिटर. टायटर प्रत्येक लॉटचा वेगळा असतो, तो त्या लॉटच्या प्रमाणपत्रावरूनच घ्या. सीनियरच्या वहीतला आकडा उचलू नका. नळी बर्फावर वितळवा आणि उरलेलं पुन्हा गोठवू नका, टायटर घसरतो. म्हणून दोन-तीन दात्यांच्या पेशी एकाच दिवशी तयार असतील असं नियोजन केलं की किट वाया जात नाही.

विषाणू मिसळल्यावर पेशी 1000 जीवर अर्धा तास फिरवल्या तर संसर्ग चांगला होतो. एक वेल विषाणूविना ठेवा. या विषाणूतलं एफ जनुक काढलेलं असतं, त्यामुळे नवे संसर्गक्षम कण बनत नाहीत. तरी काम बीएसएल-2 (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) चंच, आणि मूळ विषाणू उंदरांच्या श्वसनमार्गाचा आहे हे लक्षात ठेवून त्या दिवशी प्राणिगृहाकडे फिरकू नका.

तीन-चार आठवडे

दुसऱ्या दिवशी विषाणू धुऊन काढायचा. बऱ्याच पेशी मेलेल्या दिसतील, ते ठरलेलंच आहे. तिसऱ्या दिवशी उरलेल्या पेशी व्हिट्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन (पेशींना चिकटायला आधार देणारी प्रथिनं) लावलेल्या सिक्स-वेल प्लेटवर सोडायच्या, सायटोकाइन्सविना. सातव्या दिवशी निम्मा जुना आणि निम्मा आयपीएसचा मीडिया, उदाहरणार्थ इसेन्शियल-8. आठव्या दिवसापासून पूर्ण नवा, आणि तिथून पुढे रोज. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड.

एवढा वेळ का लागतो? रक्तपेशीत मूलपेशीची जनुकं घट्ट गुंडाळून ठेवलेली असतात. ऑक्ट4 आणि सॉक्स2 अशा बंद भागांनाही चिकटू शकतात, पण ते उघडायला अनेक विभाजनं जावी लागतात. पेशीने स्वतःचं ऑक्ट4 आणि नॅनॉग चालू केलं की मगच ती बाहेरच्या जनुकांविना उभी राहते. हजारात एखादी पेशी तिथवर पोचते, कधी दहा हजारांत एखादी.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास लहान पुंजके दिसू लागतात. उचलण्याजोगे व्हायला साधारण तिसरा आठवडा उजाडतो. पेशींना सुट्टी कळत नाही, तेव्हा विषाणू देण्याची तारीख कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. गणपतीला गावी जायचं असेल आणि नेमका तेव्हा विसावा दिवस पडत असेल, तर सुरुवातच पुढे ढकला. इन्क्युबेटर जनरेटरच्या लाइनवर आहे का आणि कार्बन डायऑक्साइडचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का, हे पावसाळ्याआधी बघून घ्या.

कॉलनी उचलणं

चांगली कॉलनी चपटी, दाट आणि सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ कडेची. आतल्या पेशी लहान, केंद्रक मोठं, केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका) ठळक. अर्धवट मागे गेलेल्या कॉलन्या फुगीर किंवा विस्कटलेल्या असतात आणि बऱ्याचदा चांगल्यांपेक्षा लवकर वाढतात, त्यामुळे नवखा डोळा त्यांच्याकडेच वळतो. शंका असेल तर जिवंत पेशींवर टीआरए-1-60 चं (मूलपेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणेचं) रंजन करा आणि चमकणाऱ्या, भोवती मोकळी जागा असलेल्या कॉलन्या निवडा. दोन कॉलन्या टेकलेल्या असतील तर दोन्ही सोडा.

बारीक सुईने कॉलनीवर उभ्या-आडव्या रेघा मारून तुकडे करायचे आणि पिपेटने नव्या वेलमध्ये न्यायचे. एका वेलमध्ये एकच कॉलनी. पहिला दिवस मीडियात 10 मायक्रोमोलर वाय-27632 हे रसायन घाला, नाहीतर सुट्या झालेल्या पेशी मरतात. एका दात्यामागे दहा-बारा उचला. सगळ्या जगणार नाहीत.

पुढे दर चार-पाच दिवसांनी, तळ 70-80 टक्के भरला की, 0.5 मिलिमोलर ईडीटीएने पासेज, म्हणजे पेशी सोडवून नव्या वेलमध्ये वाटणं. चार-पाच मिनिटांत पेशींचे पुंजके सुटतात. फार हलवून त्यांची एकेक पेशी करू नका. एकास सहा ते एकास दहा या प्रमाणात वाटा. प्रत्येक पासेजला वेडीवाकडी वाढलेली ठिकाणं खरवडून काढा. मीडियात सवयीने अँटिबायोटिक घालू नका, त्याने मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारे अतिसूक्ष्म जिवाणू) जात नाही, फक्त वाईट हात झाकला जातो.

तपासण्या

कॉलनी सुंदर दिसते म्हणून लाइन तयार झाली, असं समजणाऱ्या प्रयोगशाळा आजही आहेत. 2023 मध्ये मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान तपासण्यांची मानकं प्रसिद्ध केली आहेत, ती छापून हूडशेजारी (निर्जंतुक काम करायच्या कपाटाशेजारी) लावावीत.

आधी ओळख. लाइनचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएचा ओळखठसा) दात्याच्या मूळ रक्ताशी जुळतं का? यासाठी पहिल्याच दिवशी थोड्या पेशींचा डीएनए काढून ठेवलेला हवा. मग मायकोप्लाझ्मा, पीसीआरने, दर महिन्याला. मायकोप्लाझ्मा सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि मीडियाही गढूळ होत नाही.

विषाणू गेला का? दहाव्या पासेजच्या आसपास आरटी-पीसीआर करा. तिन्ही वाहकांसाठी (जनुकं नेणाऱ्या तिन्ही विषाणूंसाठी) वेगवेगळी, कारण एखादा रेंगाळतो. काही वाहक तापमानाला हळवे असतात आणि पाच दिवस 38-39 अंशांवर ठेवल्यास जातात, पण कुठले, ते पत्रकात बघून मगच तापमान वाढवा. विषाणू जात नसेल तर ती कॉलनी सोडून दुसरी घ्या.

गुणसूत्रांकडे सर्वात जास्त लक्ष हवं. या पेशी वेगाने विभागतात, आणि ज्या पेशीला एखाद्या बदलाने जगण्यात थोडाही फायदा मिळतो ती काही आठवड्यांत अख्खी डिश व्यापते. क्रमांक 8, 12, 17 ची जादा प्रत आणि क्रमांक 1 च्या लांब बाहूची वाढ हे नेहमीचे यशस्वी. जी-बँडिंगने (गुणसूत्रांवर पट्टे उठवणाऱ्या रंजनाने) निदान 20 पेशी पाहिल्या जातात आणि हे बदल त्यात दिसतात. पण 20 व्या गुणसूत्रावरची 20क्यू11.21 या भागाची वाढ अनेकदा इतकी छोटी असते की जी-बँडिंगमधून निसटते. त्या भागात बीसीएल2एल1 हे पेशीला मरू न देणारं जनुक आहे. त्यासाठी क्यूपीसीआर किंवा मायक्रोअॅरे (डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या चाचण्या) वेगळा करावा लागतो. एखादी लाइन अचानक छान वागू लागली, पासेजनंतर कमी मरू लागली, लवकर भरू लागली, तर खूश होण्याआधी तिचा कॅरियोटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) करा. तपासणी एकदाच करून भागत नाही: पेढी बनवताना, आणि मग दर दहा पासेजला.

मूलपेशीपणाचा पुरावा त्यामानाने सोपा. ऑक्ट4, नॅनॉग, एसएसईए4 या मूलपेशींच्या खुणांचं रंजन किंवा फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणं) करा आणि त्यानंतर भ्रूणाच्या तिन्ही थरांत रूपांतर करून दाखवा: बाह्यस्तरासाठी पॅक्स6, मध्यस्तरासाठी ब्रॅकियुरी, अंतःस्तरासाठी सॉक्स17. उंदरात टेराटोमा (अनेक प्रकारच्या ऊतींची गाठ) वाढवण्याची जुनी चाचणी संशोधनाच्या लाइनसाठी मला आता अनाठायी वाटते. प्राणी आणि तीन महिने, दोन्ही वाचतात.

या चाळणीतून एका दात्यामागे तीन क्लोन (एकेका कॉलनीपासून वाढवलेल्या लाइन) उरले तर उत्तम. बाकीचे गोठवून अडगळ करू नका, ब्लीचमध्ये घाला.

पेढी

पासेज कमी असतानाच मूळ पेढी (राखीव नळ्यांचा साठा) गोठवा, 10 टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रवात), मिनिटाला एक अंश या वेगाने उणे 80 पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. तिच्यातून कामाची पेढी. सगळ्या नळ्या एकाच टाकीत नकोत. प्रत्येक पेढीतली एक नळी वितळवून जगते का ते पाहिल्याशिवाय डिशमधल्या पेशी टाकू नका.

उपचाराचं काय?

सप्टेंबर 2014 मध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने डोळ्याचा मॅक्युलर (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) आजार असलेल्या सत्तरीच्या एका बाईंच्या त्वचेपासून आयपीएस पेशी बनवल्या आणि त्यांपासून केलेला दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य पेशींचा पापुद्रा त्यांच्या डोळ्यात बसवला. वर्षभराने दृष्टी सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. पापुद्रा टिकला होता आणि गाठ झाली नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्याही पेशी तयार झाल्या. पण तपासणीत त्यांत जनुकीय बदल सापडले आणि शस्त्रक्रिया केली नाही. मला पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच हा निर्णयही मोठा वाटतो.

प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र लाइन बनवायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून जपानने पुढे अनेकांना जुळतील अशा निवडक दात्यांच्या पेशींचा साठा केला. क्योतोत 2018 मध्ये सुरू झालेली पार्किन्सनची चाचणी दात्याच्याच पेशींवर झाली. सात रुग्णांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले: गंभीर दुष्परिणाम नाहीत, काहींच्या हालचालीत सुधारणा. आणि सिकलसेलवर 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर उपचार आयपीएसचा नाही. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतून आलेल्या रक्ताच्या मूलपेशींतच थेट जनुकीय बदल करतात. दात्यांना हा फरक सांगायला विसरू नका, कारण रक्त दिलं की आपला आजार बरा होणार असा समज सहज होतो.

नातेवाईक तुम्हाला मूलपेशीतले जाणकार समजून एखाद्या क्लिनिकची जाहिरात दाखवतील. गुडघा, मधुमेह, ऑटिझम, सगळ्यांवर एकच इंजेक्शन. राष्ट्रीय तत्त्वांनुसार भारतात नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या काही आजारांत रक्तजनक मूलपेशींच्या प्रत्यारोपणाला. बाकी सगळं फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. त्यांना सीटीआरआयचा (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक विचारायला सांगा. आणि ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, हेही सांगा.